मागच्या खोलीतली बुरशी

विशाखानं टाकीचं झाकण उचललं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला हिरवा, बुळबुळीत थर लागला. तिनं तो अंगठ्यावर चोळून पाहिला, मग नाकाशी नेला.

"आई! हात नको ना घालू," अतुल दारातून ओरडला. "कंटॅमिनेट होतं सगळं."

ती बोट तसंच हवेत धरून त्याच्याकडे बघत राहिली. तेहतीस वर्षं तिनं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं होतं. नदीचं, नळाचं, टँकरचं. नमुन्याच्या बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवून घ्यायची हाताला इतकी सवय, की घरी तेलाची बाटली उघडतानाही तिचा हात गॅसकडे वळायचा. तिचा रिपोर्ट येईपर्यंत मोठमोठे इंजिनिअर खुर्चीच्या टोकावर बसून राहायचे. आणि आता तिच्या पोटचा मुलगा तिला सांगत होता, की तुझ्या हातानं पाणी खराब होतं. तिच्या आजीनं हे वाक्य भंडाऱ्याकडच्या एका विहिरीवर ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत. अतुलला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण विशाखाच्या कानशिलाशी काहीतरी ठणकलं.

"हे शेवाळ आहे," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "ह्या नळ्या पारदर्शक आहेत ना, त्यातून उजेड आत जातो, म्हणून..."

"एक मिनिट आई, धवलचा कॉल येतोय."

त्यानं मोबाइल स्टँडवर लावला, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यासमोर हसला. धवल म्हणजे पुण्याचा सल्लागार. मातीशिवाय, घरातल्या घरात भाज्या कशा पिकवायच्या हे तो पैसे घेऊन सांगायचा. वय असेल पंचवीस-सव्वीस.

"मागे कोण आहे?" धवलनं विचारलं.

"काही नाही यार, मदर आहे. गव्हर्नमेंटमध्ये होती. रिटायर्ड."

विशाखा बाहेर आली. बेसिनपाशी तिनं बोट साबणानं तीनदा धुतलं. काही नाही यार, मदर आहे.

ही मागची खोली तिची होती. म्हणजे व्हायची होती. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे हप्ते तिच्या आणि यशवंतच्या पगारातून फिटले; त्या सगळ्या वर्षांत तिला स्वतःचं असं एक टेबलही नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं ते घेतलं. खिडकीखाली लावलं, पाली भाषेच्या वर्गात नाव घातलं, व्याकरणाच्या वहीला खाकी कव्हर घातलं. सात महिने ती रोज दुपारी त्या टेबलाशी बसली. मग जूनमध्ये अतुलच्या गुरुग्रामच्या कंपनीनं एका मेलवर शेकडो लोकांना घरी बसवलं. त्यात तो होता. तिथला भाड्याचा फ्लॅट सोडून तो, इशिता आणि नऊ वर्षांची लुंबिनी इकडे राहायला आले. त्याबद्दल विशाखाच्या मनात किंतु नव्हता. मुलानं अडचणीत घरी यायचं नाही तर कुठे जायचं? पण महिन्याभरात तो खोलीच्या दारात मोजपट्टी घेऊन उभा राहिला.

"आई, तुला आता कशाला लागते रूम? तू तर फ्रीच आहेस."

टेबल बाल्कनीत गेलं, त्यावर कांदे-बटाटे आले. खोलीत चार मजली लोखंडी रॅक उभे राहिले. त्यांवर आडवे पांढरे पाइप, पाइपला भोकं, प्रत्येक भोकात एक जाळीची वाटी, वाटीत नारळाचा भुसा आणि त्यात लेट्युसचं रोप. माती कुठेच नाही. खालच्या टाकीतलं खत मिसळलेलं पाणी पंपानं चढायचं आणि मुळांखालून वाहत परत यायचं. वर सोळा-सोळा तास गुलाबी दिवे. रस्त्यावरून ती खिडकी पानाच्या दुकानासारखी दिसायची. अतुल लेट्युसचे डबे भरून सोसायटीतल्या लोकांना द्यायचा, बरं चाललं होतं. यशवंत एखादं पान मीठ लावून चावायचा आणि म्हणायचा, "आपल्याकडे एवढ्या लाडाचं गवत बैलालाही मिळत नव्हतं."

हिरव्या बोटाच्या त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी विशाखा मेथी निवडत बसली होती. अतुल जवळजवळ धावतच आला.

"आई, सापडलं! ती हिरवी काई कशानं होते माहितीये? उजेडानं! नळ्या ट्रान्सपरंट आहेत ना, त्यातून लाइट आत जातो. धवलनं बरोबर पकडलं. आता सगळीकडे काळी टेप लावायची, बस्स."

विशाखानं मेथीची काडी मोडली. "अच्छा," ती म्हणाली.

"ब्रिलियंट आहे यार तो."

"हो का."

तो टेप आणायला खाली उतरला. तिच्या हातातली पुढची जुडी पानांसकट चुरगळली गेली. यशवंत समोर पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, तूच सांगितलं होतंस ना त्याला हे? मग बोलायचं ना, की मी आधीच म्हटलं होतं."

"मी कशाला बोलू? त्याला कान आहेत ना?"

"लेकरू टेन्शनमध्ये आहे, विशाखा."

"अहो, एकदा तरी त्यानं विचारावं. आई, तू आयुष्यभर हेच केलंस, जरा बघतेस का? एवढंच. पुण्याच्या पोराला विचारतो, मोबाइलला विचारतो. मी ह्याच घरात असते."

"नाही विचारणार तो. तुझ्यासारखाच आहे."

"मग नको विचारू दे. ह्यापुढे त्या खोलीबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. लिहून ठेवा."

यशवंतनं काही लिहून ठेवलं नाही, पण विशाखा बोललेलं पाळणारी बाई होती. टेप लागली, शेवाळ गेलं, अतुलनं धवलला फोटो पाठवले. ती त्या खोलीच्या दारावरून जाताना मान फिरवायची. पंपाची गुरगुर ऐकू आली तरी तिचा जबडा आवळला जायचा. राग असा रोज थोडा थोडा मुरत गेला आणि ती त्याची राखण करू लागली, जणू कुणीतरी तिला नेमूनच दिलं होतं.

नोव्हेंबर आला. सकाळी समोरची इमारत दिसेनाशी झाली. धुरामुळे लहान वर्गांच्या शाळा बंद झाल्या, तास घरून सुरू झाले. अतुलनं सगळ्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या आणि मागच्या खोलीच्या फटींना वरून पॅकिंगची टेप मारली. हवा शुद्ध करायचं एक मशीन होतं, ते हॉलमध्ये. सगळी दिल्ली खोकत होती. लुंबिनीही खोकायला लागली.

त्या गुरुवारी विशाखा तिला जेवायला हाक मारायला गेली. लुंबिनी रॅकच्या मधोमध स्टुलावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. गुलाबी उजेडात चेहरा गुलाबी दिसतो म्हणून तिला तिथेच बसायचं असायचं. वर्गातल्या मुली हेवा करायच्या. विशाखा कित्येक दिवसांनी उंबऱ्याच्या आत आली होती. आत येताच तिला वास आला, भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात राहिलं की येतो तसा. खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. खालच्या पाइपातल्या भुशावर कापसासारखी पांढरी लव आली होती. आणि रॅकच्या मागे, फळीच्या खाली, भिंतीवर काळे ठिपके. ताटलीएवढ्या जागेत दाटीवाटीनं बसलेले.

"आज्जी, काय बघतेस?" लुंबिनी वाकली. "ते? काई आहे का ती?"

"काई म्हणजे शेवाळ. ते हिरवं असतं. ही बुरशी."

"बुरशी म्हणजे?"

"फंगस."

"ओह, फंगस! मग असं बोल ना," असं म्हणून ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला छातीतून आला. विशाखानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात अतुल पाण्याचा कॅन घेऊन आला. विशाखा सरळ झाली. वाक्य अगदी ओठांवर होतं. खिडकीची टेप काढ, बाहेर हवा फेकणारा पंखा बसव, हिला इथे बसू देऊ नकोस. तीन गोष्टी. अर्ध्या मिनिटाचं काम.

"आई, जाताना दार ओढून घे हं," तो कॅन खाली ठेवत म्हणाला. तिच्याकडे न बघताच. "तुम्ही लोक उघडं ठेवता आणि माझी ह्युमिडिटी जाते."

वाक्य परत आत गेलं. ह्युमिडिटी. तुझी ह्युमिडिटी. ती लुंबिनीला घेऊन बाहेर आली, तिला वरण-भात वाढला. जेवून लुंबिनी दुपारच्या तासाला पुन्हा त्या खोलीत गेली. विशाखानं तिच्यामागे दार ओढून घेतलं.

मग एक दिवस गेला, दोन गेले. खोकला वाढला. सोमवारी इशितानं ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि लुंबिनीला नोएडाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. इशिता फरीदाबादची, तिचे वडील परभणीहून तिथल्या कारखान्यात आले आणि तिथलेच झाले. मोजकं बोलणारी मुलगी. सहा महिने घर तिच्या पगारावर चाललं होतं, तिनं त्याचा उच्चारही केला नव्हता. वाफेतून औषध द्यायचं मशीन तिनं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हवेमुळेच आहे म्हणाले. सगळी मुलं तशीच येतायत."

विशाखानं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. रोज सकाळी ती मोबाइलवर हवेचा आकडा बघायची. चारशे दहा. चारशे पस्तीस. आकडा मोठा असला की तिला जवळजवळ हायसं वाटायचं. लुंबिनी त्या खोलीत शिरली की ती तिला गोष्टीच्या, लाडवाच्या मिषानं बाहेर बोलवायची. कधी मुलगी यायची, कधी नाही. पण अतुलला ती काही बोलली नाही. बोलायचं म्हणजे आपण होऊन जायचं. आणि मग तो म्हणणार, एक मिनिट आई.

शनिवारी सकाळी साडेसातला लुंबिनी अंथरुणात उठून बसली आणि तिला आडवं होता येईना. प्रत्येक श्वासाला दोन्ही खांदे वर जात होते. इशितानं मास्क तिच्या तोंडावर धरला, यशवंत मशीनचं बटण धरून बसला, जसं काही सोडलं तर ते बंद पडेल. मशीन घरघरत होतं. मास्कच्या आतून लुंबिनीचे डोळे मोठे झालेले दिसत होते. विशाखानं त्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ती वळली.

मागच्या खोलीत दिवे लागलेले होते. रॅकच्या मागे भिंतीवर आता वाढीचा तक्ता लावलेला होता, लेट्युसच्या फोटोंचा मोठा बोर्ड. त्या गुरुवारी तो तिथे नव्हता. तिनं रॅकच्या फटीतून हात घालून बोर्डाचा कोपरा ओढला. तो सुटून खाली पडला.

ताटलीएवढे ठिपके चादरीएवढे झाले होते. मधेमधे भिंत पुसल्याचे फराटे होते, चुना लावल्याचे पांढरे डाग होते, आणि त्या डागांच्या कडांनी काळं पुन्हा वर आलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते विशाखाला त्या क्षणी समजलं. तिनं भिंतीतला मोठा प्लग उपसला. दिवे गेले, पंपाची गुरगुर थांबली, पाइपातलं पाणी गळत गळत टाकीत उतरू लागलं. तिनं खिडकीच्या टेपेचं टोक नखानं धरलं आणि पट्टा सर्रकन फाडला. मग दुसरा. काच सरकवली. बाहेरची करडी, जळकी हवा आत आली. तिनं खालच्या पाइपातल्या वाट्या मुळांसकट उपसून बादलीत टाकायला सुरुवात केली.

"आई!" अतुल तोंडात ब्रश घेऊन धावत आला. "काय करतेस! वेडी झालीस का?"

"बाजूला हो."

"अगं, चार दिवसांवर आलंय पीक! ऑर्डरी आहेत! आई, थांब!"

"तुझी लेक तिकडे श्वासासाठी तडफडतेय आणि तुला पीक सुचतंय?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ही भिंत बघ. बघ! ही हवा खातेय ती. बाहेरची नाही. ही!"

अतुलनं भिंतीकडे पाहिलं नाही. त्यानं ब्रश तोंडातून काढला आणि हातात धरून उभा राहिला. फेस हनुवटीवर आला होता.

विशाखाच्या हातातली वाटी थांबली. "हे पुसलंय कुणी?"

त्यानं मनगटानं हनुवटीवरचा फेस टिपला.

"अतुल, हे पुसलंय. चुना लावलाय. बोर्ड लावलाय वरून."

"मी."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून येतंय. मी पुसतो, ते परत येतं."

"कशानं पुसतोस?"

"फडक्यानं."

"कोरड्या? कोरड्या फडक्यानं पुसलंस?" ती किंचाळलीच. "अरे, सगळ्या खोलीत उडवलंस ते! एवढं साधं... तुला विचारता येत नव्हतं? मी मेले होते का ह्या घरात?"

"तुला?" तोही आता ओरडला. "तुला विचारू? तू काही बोलली नसतीस आई, तू फक्त बघितलं असतंस. तसं. आता बघतेस ना, तसं. सहावीतला माझा प्रोजेक्ट मी अजून दाखवलाही नव्हता, आणि तू लाल पेन घेऊन बसली होतीस. नोकरी गेली तेव्हा काही बोललीस? नाही. बघितलंस. ही एक गोष्ट मी स्वतः उभी केली होती. ही तरी तुझ्याकडून तपासून घ्यायची नव्हती मला."

विशाखाला काहीतरी खूप लागेलसं बोलायचं होतं. ते तिला सापडेपर्यंत तो पुढे म्हणाला, थोडा खालच्या आवाजात,

"आणि तू पण कुठे बोललीस? लुंबूनं मला सांगितलं त्याच दिवशी. आज्जीनं फंगस बघितला म्हणून. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी. मला वाटलं, आता येशील, आता बोलशील. रोज वाटायचं. मी बोर्ड लावला. तरी तू आली नाहीस."

बादलीतल्या रोपांतून पाणी निथळत होतं.

"मला वाटलं, एवढं काही नसेल," अतुल म्हणाला. "असतं तर तू गप्प बसली नसतीस."

विशाखानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग तिला दारात इशिता दिसली. खांद्यावर पर्स, हातात लुंबिनीचा स्वेटर. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर राग म्हणावा असं काही नव्हतं. सगळं रक्त कुठेतरी निघून गेल्यासारखा तो चेहरा होता.

"दोघांनाही माहिती होतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"इशू, ऐक..."

"नको." तिनं स्वेटरची बाही सरळ केली. "मी कॅब बोलावली आहे. डॉक्टर नऊला बसतात." मग अतुलकडे बघून, "तू येऊ नकोस. तुला बघितलं तर मी रस्त्यात काहीतरी बोलेन आणि ती ऐकेल."

ती गेली. हॉलमधून यशवंतचा आवाज आला, लुंबिनीला चपला घाल म्हणणारा, मग जिन्यावरून हळूहळू उतरणारी पावलं. अतुल स्टुलावर बसला. त्याच्या हातातला ब्रश अजून तसाच होता. विशाखानं त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण कशा बघतोय हे जाणवून नजर काढून घेतली. ती बाहेर आली. हॉलमधल्या टेबलावर वाफेचं मशीन राहून गेलं होतं. तिनं ते उचललं, वायर गुंडाळली आणि आहे त्याच साडीत, घरातल्या स्लिपरवर जिना उतरली. गुडघे दुखत होते. दुसऱ्या मजल्यावर यशवंत कठडा धरून वर येत होता. तिनं त्याला ओलांडलं.

खाली कॅब उभी होती. मागच्या सीटवर लुंबिनी आईच्या कुशीत डोकं टेकून बसली होती. औषधानं श्वास जरा बसला होता, पण ओठ कोरडे होते. विशाखानं खिडकीतून मशीन आत दिलं.

"राहिलं होतं."

इशितानं ते घेतलं, मांडीवर ठेवलं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

"चलें मॅडम?"

"रुको एक मिनिट," इशिता म्हणाली. मग मान न वळवता, समोरच्या सीटकडे बघत, "आई, सोमवारी डॉक्टरांनी मला विचारलं होतं. घरात ओल आहे का. भिंतीला काही वाढतंय का. दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. म्हटलं, आमच्या घरी सासूबाई लॅबमध्ये होत्या, असलं काही असतं तर त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं."

विशाखाचा हात खिडकीच्या काचेवर होता. तो तिनं काढून घेतला.

"आता ते परत विचारतील," इशिता म्हणाली. "काय सांगू मी त्यांना?"

रस्त्यावर दूधवाल्याची सायकल घंटी वाजवत गेली. धुरात ती लगेच दिसेनाशी झाली.

"मी सांगते," विशाखा म्हणाली. "मला फोन लाव, मी..."

"फोनवर नाही." इशितानं लुंबिनीला थोडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि पर्स सरकवून सीटवर जागा केली. "बसा. तुम्हीच सांगा त्यांना. समोर बसून."

त्या आवाजात माफी नव्हती, हे विशाखाला स्पष्ट कळलं. ती दार उघडून बसली. इशितानं पर्स दोघींच्या मधे ठेवली. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते. लुंबिनीनं एकदा डोळे उघडून आजीकडे पाहिलं, पण बोलायला तिच्याजवळ दम नव्हता.

विशाखा खिडकीला टेकून वाक्य जुळवू लागली. रिपोर्ट लिहिताना करायची तसं, आधी जागा, मग वस्तू, मग काळ. मागच्या बंद खोलीत, भिंतीवर, काळी बुरशी. नऊ दिवस आम्हाला माहीत होतं. तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिलं. मग 'आम्हाला' काढलं आणि 'मला' घातलं. पूल ओलांडेपर्यंत ते तिनं दोनदा परत बदललं. नोएडाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिथे 'मला' होतं.